बाहेरबाईंचा शनिवार

इतर शाळांत मास्तर रागावले की पोराला बाहेर काढतात. आमच्या बाई खूश झाल्या की म्हणायच्या, "चला, बाहेर!" म्हणून पोरांनी त्यांचं नाव बाहेरबाई ठेवलं. मी त्या शाळेत खिचडी शिजवते. शिक्षण चौथीपर्यंत, आणि चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटतो.

बाई घाटावरच्या. पावसकडच्या आमच्या गावात बदलून आल्या आणि कातळ बघून म्हणाल्या, "एवढं मोठं अंगण असताना खोलीत कशाला बसायचं?" टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते, ती खड्यांत ओळखू येत नाहीत. हे शिकवायला प्रत्येकाने एक खडा 'अंडं' म्हणून ठेवायचा, फेरी मारून यायचं आणि आपलाच खडा शोधायचा. कुणालाच सापडत नसे. भांडणं मात्र खूप. एकदा एक आई तणतणत आली, "बाई, आमचा बाबू अंथरुणात धोंडे घेऊन निजतो. काढायला गेलं तर म्हणतो, अंडी गार होतील!" बाई म्हणाल्या, "मग त्याला लवकर उठवू नका."

मला त्यांनी झाड केलं. "मावशी, बोलायचं नाही, हलायचं नाही. तुम्हाला छान जमेल." पोरं पाखरं, त्यातलं एक ससाणा. ससाणा मागे लागला की मला हात लावायचा, म्हणजे सुटका. मग बाई मध्येच ओरडायच्या, "झाड तोडलं!" मी खाली बसले की सगळी पाखरं बाद. पोरं माझ्यावरच चिडायची, "मावशे, बसतेस कशाला?"

पोरं नुसती हुंदडतात म्हणून काही घरांनी दाखले काढून रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं. पट आधीच एवढासा. ती पोरं गेली तर शाळाच बंद. सगळ्यांचा पुढारी आमच्या वाडीतला रिक्षावाला बाळाभाऊ. बाई त्याला म्हणाल्या, "दाखले देते. आधी एक शनिवार सगळे आईबाप कातळावर या."

बाळाभाऊ पाखरू, त्याचीच लेक ससाणा. तो धापा टाकत आला आणि माझा पदरच धरला. तेवढ्यात बाई ओरडल्या, "झाड तोडलं!"

"वहिनी, बसायचं नाय हां!"

का कोण जाणे, मी मोठ्याने म्हटलं, "नाही बसत."

"मावशी, हे नियमात नाही," बाई म्हणाल्या.

"कसला नियम?" बाळाभाऊ उसळला. "कोणाला विचारून झाड तोडलंत?"

मागून त्याची बायको म्हणाली, "आणि परड्यातला फणस तोडून लाकूड विकलंत तेव्हा कोणाला विचारलंत?"

अख्खा कातळ हसला. बाळाभाऊने सुटलेली चप्पल पायात सारली. निघताना एवढंच म्हणाला, "पुढच्या शनवारी परत. आज माझी चप्पल घसरत होती." दाखल्यांची गोष्ट कुणी काढली नाही.

गेल्या मे महिन्यात बाईंची घाटावर बदली झाली. एसटीपाशी माझे डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, "रडायचं तर उभ्याने रडा, मावशी. बसू नका."

जूनमध्ये नवे सर आले. पहिल्याच शनिवारी बाळाभाऊ नवे बूट घालून, धाकट्या लेकीचा हात धरून दारात हजर. मागे छत्र्या घेऊन आयांचा घोळका. सर गोंधळले. "आज पालकसभा आहे का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी जमिनीकडे बघितलं. मग खिचडीवर झाकण ठेवलं, पदर खोचला आणि म्हटलं, "सर, तुम्हीसुद्धा चला." काय खेळायचं ते कातळावर पोचेपर्यंत सुचलं तर बरं, असं मनात म्हणत मी सगळ्यांच्या पुढे चालत होते.