कागदावर न उतरलेला पदर

इंग्रजीत वाक्य कसं लिहावं हे मला अमरावतीच्या शाळेत एका मास्तरांनी शिकवलं. माझे वडील मोर्शीजवळच्या एका मळ्यात भाजी पिकवत. आमच्या घरात माझ्याआधी कोणाला सहीसुद्धा करता येत नव्हती. मी पुढे पदवीपर्यंत पोचलो तो त्या मास्तरांमुळे. त्यांचे उपकार मी मानतो आणि हे लिहितानाही मानतो आहे. मात्र त्यांची शिकवण मी एकदा चुकीच्या जागी वापरली, आणि त्यात एका बाईचा संसार गेला. ती गोष्ट मी आजवर कागदावर आणलेली नाही.

मास्तर पुण्याकडचे. आमचं बोलणं त्यांना भांडल्यासारखं वाटे. माझ्या पहिल्या इंग्रजी निबंधात मी मामाच्या गाडीबद्दल लिहिलं होतं. शब्द कुठले कुठे पडले होते. मास्तरांनी तो निबंध वर्गात मराठी करून वाचला, "कापसाने गच्च भरलेला माझा मामा गाडी हाकत आला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, मामाला आधी खाली उतरव. दम लागला असेल त्याला."

वर्ग हसला. मीही हसलो, पण धडा डोक्यात बसला. जो शब्द ज्याच्याबद्दल आहे, तो त्याच्या शेजारी बसवायचा. दुसरा धडा 'तो' या शब्दाचा. मी लिहिलं होतं की माझे वडील आणि पाटील बाजारात गेले आणि त्याला त्याचा बैल आवडला.

"कोणाला कोणाचा?" मास्तरांनी विचारलं.

"पाटलाले आमचा, मास्तर."

"हे तुला माहीत आहे. तुझ्या कागदाला माहीत आहे का? 'तो' लिहिलास की तिथे बोट ठेव आणि विचार, कोण? उत्तर मिळत नसेल तर सरळ नाव लिही."

मी तशी सवयच लावून घेतली. पुढे पुढे माझं बोट आपोआप त्या शब्दावर जाई.

शाळा संपल्यावर मास्तरांच्या शब्दावर मला अकोल्याच्या कचेरीत भाषांतराचं काम मिळालं. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. दूर देशी कुठेतरी लढाई चालली होती आणि तिच्यामुळे आमच्या कापसाला कोणी कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. अकोल्याच्या रस्त्यांवर गाड्यांना गाड्या लागलेल्या असत. झाडांच्या फांद्यांना, कुंपणांना, बायकांच्या केसांनासुद्धा कापूस चिकटलेला दिसे. भाव चढला तशी लबाडीही वाढली. वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी मारत, आत माती घालत. गोऱ्या व्यापाऱ्यांनी वर तक्रारी केल्या होत्या, म्हणून आमचे साहेब अशा खटल्यांत फार कडक झाले होते.

बार्शीटाकळीकडच्या दोन भावांची गाडी अशीच पकडली गेली. वरचा कापूस कोरडा, मधला ओला. घर एकत्र, गाडी एकत्र. थोरला म्हणाला, मला काही ठाऊक नाही. धाकटा काहीच बोलला नाही. थोरल्या भावासमोर तो कधी बोलतच नसे, हे मला नंतर कळलं. पाणी मारताना प्रत्यक्ष पाहणारं माणूस एकच होतं, धाकट्याची बायको.

तिची जबानी म्हाताऱ्या मुनशींनी मोडीत उतरवून घेतली होती. त्यांची कामाची रीत जुनी होती. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, म्हणजे भासऱ्याचं, तर नाहीच नाही. म्हणून मुनशी जबानीत 'त्यांनी' एवढंच लिहीत. मग साहेबांपुढे कागद वाचायची वेळ आली की बाईला समोर उभी करत, आणि चपराशी एकेक नाव घेई. बरोबर नाव आलं की बाई मान खाली घाली. ते नाव मग मुनशी समासात लिहून घेत. याला वेळ लागे, आणि जमलेले लोक हसत. पण चूक होत नसे.

त्या दिवशी साहेबांना घाई होती. "समोर कोणाला आणू नका. इंग्रजी कागद द्या, तो वाचून मी निकाल देतो," असा निरोप आला. कागद माझ्यापुढे होता. ती म्हणाली होती, मी सरकी निवडत होते, भासरे आणि घरधनी असे दोघे कोठ्यात होते, त्यांनी घागर आणली आणि कापसावर ओतली.

मी इंग्रजीत 'तो' लिहिलं आणि माझं बोट तिथे थांबलं. कोण?

खिडकीतून मला ती दिसत होती. कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. तिथवर पन्नास पावलंसुद्धा नव्हती. जाऊन विचारायचं, एवढंच. पण मग चपराशी येणार, नावं घेणार, हमाल जमून टिंगल करणार, आणि शेजारच्या खोलीतून साहेब ते पाहणार. आदल्याच आठवड्यात साहेब असल्या एका बाईला पाहून म्हणाले होते, "तुमच्या बायकांना नवऱ्याचं नावही येत नाही?" मी त्यावर हसलो होतो. माझी आईसुद्धा वडिलांना 'ते' म्हणते, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मला माझ्या माणसांची लाज वाटली, म्हणून मी उठलो नाही. बाई नाव घेत नाही तो नवराच असणार, असं मनाला सांगितलं आणि 'तो' खोडून धाकट्याचं नाव लिहिलं. पुढे 'माझा नवरा' हे शब्द त्या नावाला अगदी चिकटून बसवले. वाक्य फार स्वच्छ झालं.

साहेबांनी ते वाचून मला बोलावलं. "ही असंच म्हणाली?"

"हो, साहेब," मी म्हणालो.

"मला सगळ्यांचे कागद दोनदा वाचावे लागतात. तुझा एकदा वाचला की पुरतो. तू कॉलेजात जायला हवंस." त्यांनी तिथल्या तिथे मुंबईला शिफारशीचं पत्र लिहायला घेतलं.

धाकट्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. निकाल त्याला मराठीत वाचून दाखवला, तेव्हा मी दाराशी उभा होतो. त्यात होतं की, तुझ्या बायकोने तुझं नाव घेऊन जबानी दिली आहे. शिक्षेचा आकडा ऐकून तो हलला नाही. नाव ऐकून मात्र त्याने वळून आवारात तिच्याकडे पाहिलं. ती लांब होती, तिला निकाल ऐकूच आला नव्हता. नवऱ्याने पाहिलं म्हणून ती उठून उभी राहिली.

दुपारी मुनशी माझ्या बैठकीशी आले. हलक्या आवाजात म्हणाले, "काहून रे बापू, धाकट्याचं नाव कोनं सांगतलं तुले?"

"कोणी नाही. घरधन्याचं नाव घेत नाहीत म्हणून..."

"अरे, ते सांगताना पदर पुढं वढत होती. घागर म्हटली अन् पदर नाकापर्यंत आला. कचेरीत नवऱ्यासाठी कोन पदर वढते? भासऱ्यासाठी वढते." ते माझ्याकडे बघत राहिले. "मले वाटलं, तू आपल्यातला आहे, तू इचारशील."

आता साहेबांकडे जायला हवं होतं. साहेब खोलीतच होते आणि मुंबईचं पत्र अजून टपालात पडलं नव्हतं. मी गेलो नाही. मुनशींनीही माझं नाव कोणाला सांगितलं नाही. त्यांची नोकरी पेन्शनीला आली होती.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. गावात तोवर बातमी पोचली होती. माझ्या ओसरीपासून दूर उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुमीच लिवता ना इंग्रजी?"

"हो."

"म्या नाव नाई घेतलं. कवाच नाई घेतलं. लगनातबी नाई घेतलं, सासू मारे तरी नाई घेतलं. मंग कागदात कसं आलं?"

मी म्हणालो, "कचेरीच्या कागदात लिहावं लागतं, बाई."

"मंग तेवढं त्याईले सांगा. सजा राहू द्या. तेवढंच सांगा, का म्या नाई घेतलं."

मी "सांगतो" म्हणालो. तुरुंग कचेरीपासून लांब नव्हता. सांगितलं असतं तर कागद कोणी बदलला, हा प्रश्न आलाच असता. वीस दिवसांनी मी मुंबईच्या वाटेला लागलो.

कॉलेजातली वर्षं कष्टाची होती आणि चांगलीही होती. माझं इंग्रजी वाखाणलं जाई. पण लिहिताना 'तो' आला आणि बोट तिथे गेलं, की मला नाकापर्यंत ओढलेला पदर दिसे. तोंड दिसत नसे. परीक्षेच्या दालनातसुद्धा ती माझ्यापासून काही अंतरावर उभी आहे असं वाटे, आणि मी मान वर करून पाहत असे. शेजारचा विद्यार्थी एकदा म्हणाला, "कोणाची वाट बघतोस?"

पदवी घेऊन मी अमरावतीला शिक्षक म्हणून परतलो, आणि पहिल्याच सुट्टीत त्या गावी गेलो. तोवर कापसाचा भाव कोसळला होता आणि रस्ते मोकळे झाले होते. चावडीवर मी तिचं घर विचारलं, तेव्हा एकजण म्हणाला, "कोन, नावघेनी? वढ्याकाठी राह्यते, वांगे लावते." गावात तिला हेच नाव पडलं होतं.

नवरा सहा महिन्यांनी सुटला होता, पण घरी आला नव्हता. तुरुंगाच्या दारातूनच नव्या लोहमार्गाच्या कामावर गेला, एवढंच लोकांना ठाऊक होतं. निरोप पाठवला होता तोही एकच, की जिनं माझं नाव घेतलं तिच्या घरी मी पाणी पिणार नाही. सासरच्यांनी तिला वेगळं काढलं होतं.

मी चावडीवर उभा राहून सगळं सांगितलं. नाव तिने घेतलं नाही, मी लिहिलं. थोरला भाऊ ओट्यावर बसून ऐकत होता. तो मधेच उठून गेला. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "तुमी म्हनता तं खरंच असंल, मास्तर. पन आता आमाले सांगून काय?"

मग मी ओढ्याकाठी गेलो, तेव्हा तीही तेच म्हणाली. रागावली नाही. वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडत होती, ते तिने थांबवलंही नाही. "गावाले नाई सांगाचं होतं, भाऊ. त्याईले सांगाचं होतं."

त्यानंतर मी आगगाडीने जिथे जिथे गेलो तिथे रुळांवर काम करणाऱ्या टोळ्यांकडे पाहत गेलो. दुसऱ्या वर्षी भुसावळच्या अलीकडे एका लहान स्टेशनावर गाडी पाण्यासाठी थांबली. खडी पसरणाऱ्या माणसांपैकी एकजण सोबत्याला म्हणाला, "करून राहिलो ना बाप्पा, थांब थोडं." बोली आमच्या वऱ्हाडची होती, म्हणून मी खाली उतरलो. त्या धाकट्या भावाचा चेहरा मी एकदाच पाहिला होता, तोही वळलेला. हा तोच, असं मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

मी त्याला विचारलं, तो बार्शीटाकळीकडचा आहे का.

"नाई," तो म्हणाला.

तरी मी त्याला सांगितलं. कचेरी, कागद, पदर, माझा खोटेपणा, सगळं. तो टोपली खाली न ठेवता ऐकत होता. इंजिनाने शिटी दिली.

"मी तो नव्हं, मास्तर," तो म्हणाला. मग मी डब्यात चढलो तेव्हा जवळ आला. "ती बाई आता कोनापाशी राह्यते?"

"एकटीच. ओढ्याकाठी."

त्याने मान हलवली की नाही, ते मला नीट दिसलं नाही. गाडी निघाली होती.

मी पुन्हा त्या गावी गेलो आणि जे झालं ते तसंच तिला सांगितलं. तो नाही म्हणाला हेही सांगितलं, त्याने काय विचारलं हेही. या वेळी मी माझ्या पदरचं काही घातलं नाही. ती वाफ्याच्या कडेला बसली. मग तिने विचारलं, "तिथून इथं याले किती दिस लागतात?"

"आगगाडीनं अर्धा दिवस."

"अन् पायी?"

"सहा-सात दिवस," मी म्हणालो.

ती बोटांवर काही मोजत होती. मी निघालो तेव्हा तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.