आक्काच्या दारातल्या चपला

आक्काला हळू बोलता येत नसे. किटली घेऊन कोपऱ्यावर एसटीतून उतरली की तिथूनच ती ओरडायची, "बाई, पातेलं आणा!" आणि मग गल्लीतल्या सगळ्याच घरांतली पातेली बाहेर यायची. मुलांनो, तुमची आई तिच्याच म्हशीच्या दुधावर वाढली.

ती उचगावच्या पलीकडच्या एका खेड्यातून यायची. नवरा मिरजेला नोकरीला होता आणि तिथेच त्याने दुसरा संसार मांडला होता. त्याबद्दल ती चकार शब्द काढत नसे. कुंकू मात्र ठसठशीत लावायची.

तिचा सगळा अभिमान म्हाईत होता. म्हाई म्हणजे गावची जत्रा. घरोघरी मटण शिजतं, गावोगावचे पाहुणे जेवायला येतात. "दारात चपला मावत न्हाईत बघा," ती सांगायची. त्या दिवशी नवराही यायचा. भावकीच्या पंगतीत मधोमध बसायचा, आक्का त्याला पहिलं वाढायची, आणि संध्याकाळच्या गाडीने तो परत जायचा. तेवढ्यावर गावात तिची मान वर्षभर ताठ राहायची.

तिची शोभा बारावी झाली आणि मी शिकवत होते त्या कॉलेजात प्रवेशाला आली. फीची सवलत मिळायला पालकांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत लागे. बापाचा पगार मर्यादेच्या वर होता. त्याने घरी कधी छदाम दिला नव्हता, पण कागदोपत्री शोभा खात्यापित्या घरची ठरली. नवऱ्याने टाकल्याचा दाखला तलाठ्याने दिला, तरच एकट्या आक्काचं उत्पन्न धरलं जाणार होतं. मी तिच्याबरोबर चावडीत गेले.

तलाठी माणूस वाईट नव्हता. "आक्का, टाकली म्हणून कसं लिहू? म्हाईला तुमचे मालक आणि मी मांडीला मांडी लावून जेवलोय की. वाढलं कुणी? तुम्हीच."

"वाढलं. सणाच्या दिवशी दारातनं हाकलू व्हय, भाऊसाहेब?"

"मग पंच तरी काय सांगणार? दरसाल येतोय, असंच सांगणार."

फी मी भरते म्हटलं, तर ती उसळली. "दुधाचं तेवढं द्या, बाई. फी तुम्ही भरली तर पोरगी तुमची हुईल."

शोभा वर्षभर घरी बसली. शेणघाण करू लागली. दिवाळीनंतर तिला स्थळं यायला लागली. ती आईपुढे एवढंच म्हणाली, "ह्या म्हाईला काय ते ठरव, आई. मग मी बोलणार न्हाय."

त्या म्हाईला आक्काने मला मुद्दाम बोलावलं. पंगत बसली होती, तलाठीही होता. नवरा नवा सदरा घालून आला आणि चपला काढू लागला. आक्का उंबऱ्यात उभी राहिली.

"घाला त्या पायात. हितं तुमचं ताट न्हाय."

तो हसला. "चेष्टा करतीस व्हय गं, पावण्यांम्होरं?"

"टाकलंयसा मला. सगळ्यांम्होरं सांगते."

मग थोरला दीर ताटावरून उठला. त्याच्यामागून सगळी भावकी उष्ट्या हातांनी उठली आणि तिच्या नवऱ्याबरोबर बाहेर पडली. तलाठी शेवटी उठला. आठवड्याने त्याने दाखला दिला.

शोभा शिकली, पुण्याला नोकरीला लागली. गावाने मात्र आक्काला माफ केलं नाही. दाखल्यानंतरच्या पहिल्याच म्हाईला मी गेले तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आक्काचं अंगण झाडून लख्ख मोकळं होतं. चुलीवर तेवढंच मोठं पातेलं. "सवय हाय. कमी घालायला हातच हुईना," ती म्हणाली. शेजारच्या घरातला हसण्या-बोलण्याचा आवाज भिंतीतून येत होता. आक्का, शोभा आणि मी, आम्ही तिघीच जेवायला बसलो.

माझी सवय तुम्हांला माहीत आहे. चपला मी आत आणून भिंतीकडेला नीट जोडून ठेवल्या होत्या. आक्काने त्या पाहिल्या, उचलल्या आणि बाहेर नेऊन दारासमोर, रस्त्यावरून दिसतील अशा ठेवल्या.

"ऱ्हाऊ द्यात तितंच, बाई," ती म्हणाली. आवाज इतका खाली होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.