पंखावरचा पत्ता

“जाऊ दे! जाऊ दे त्याला, आडवू नगा कुणी!” — मामा माळावर धावत ओरडत होते. सत्तरीतला माणूस, एक चप्पल मागं राहिलेली, नजर आभाळात. वर त्यांचं विमान. आणि मी? मी खांद्यावरच्या पिशवीत दोन्ही हात घालून उभा. त्या पिशवीत काय होतं, हे कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. काल मामांना सांगितलं — आज तुम्हाला.

विमान मामांनी ऐन तरुणपणी केलेलं. हलक्या लाकडाच्या काड्या, वर पातळ कागद, नाकात अंगठ्याएवढं डिझेल इंजिन. हातातून सुटलं की वाऱ्याचं — ना दोरी, ना रिमोट. म्हणून पंखावर पत्ता लिहायची रीत. लांब कुठं उतरलं, तर सापडेल त्यानं सोलापूरला आणून द्यावं. पण लांब जायचं कधी? दर वेळी डावीकडं कलायचं आणि बाभळीत घुसायचं. त्या बाभळीला काट्यांपेक्षा मामांच्या विमानाचे तुकडे जास्त होते. खोटं वाटतं? बाभळीला विचारा.

पुढं इंजिन जाम झालं. मी बॅटरीवरची मोटर बसवली. “थोड्या वेळानं आपोआप बंद पडेल, मग तुमचं विमान मोकळं,” असं मामांना सांगितलं. शेपटीतलं सुकाणू आता माझ्या पिशवीतल्या रिमोटवर हलतं — हे नाही सांगितलं. बाभळीपुरतंच तर वापरायचं, म्हटलं.

त्या दिवशी माळावर बाभूळ चुकवली. तिथंच हात बाहेर काढायचा होता, नाही का? मोटर थांबली तरी माळावरून वर उठणाऱ्या गरम हवेत विमान चढतच होतं. ज्वारीवरून मंगळवेढ्याच्या अंगाला निघालं, घारींनी वाट सोडली, मामा हसता हसता रडत होते — आणि माझं अख्ख्या हिवाळ्याचं काम डोळ्यांदेखत चाललं होतं हो! वळवलं मी. गुपचूप. ते मामांच्या पायाशी येऊन उतरलं.

“आलं! वाट वळखून आलं की रं!”

तेव्हापासून मामा गावभर हेच सांगतात. मी भर घालतो — उतरण्याआधी मामांना तीन प्रदक्षिणा घातल्या म्हणून! लाज? माळावरच्या टाळ्या मला गोड लागल्या, अजून लागतात. उद्या तीच वेळ आली तर हात पिशवीतच राहील. चूक आहे? आहे. माझीच आहे.

काल मामा बशीत चहा ओतत होते, तेव्हा सगळं ओकलो. वाटलं, बशी अंगावर येतेय. त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली.

“मग पंखावर पत्ता कशाला लिवला हुता मी?”