मास्तरांची माचिस

कापड हातात आलं की मास्तर आधी त्याच्या काठाचा एक धागा ओढून काढत. डाव्या हाताच्या चिमटीत तो धरायचा, उजव्या हातानं माचिसची काडी ओढायची, धागा पेटवायचा आणि नाकाशी न्यायचा. गिऱ्हाईक उभं, मी उभा, आणि मास्तर डोळे मिटून वास घेतायत. मग निकाल लागे. "जळल्या कागदाचा वास येऊन राहिला. सूत आहे. घ्या." नाहीतर, "पाहा, गोळी झाली. नायलॉन आहे. घ्याल तं घ्या, पण चुलीजवळ घालू नोका."

हा तमाशा माझ्याच दुकानाच्या ओट्यावर चाले, एवढं ध्यानात घ्या. पवनीच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आणि ओट्यावर मास्तरांचं शिलाई मशीन. कापड मी विकायचं, आणि मी ते फाडायच्या आत मास्तरांनी त्याची अब्रू काढायची. कुणी म्हटलंच, की मास्तर, कापड तर चांगलं दिसतंय, तर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "कापड खोटं बोलते, भाऊ. धागा नाही बोलत." दुसऱ्या कुठल्या दुकानदारानं असल्या टेलरला मशीनसकट रस्त्यावर बसवलं असतं. मी बसवलं नाही. का, तेही सांगतो.

सत्तरनंतरची ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. ज्याला त्याला टेरिकॉट हवं, नायलॉन हवं. धुतलं की वाळतं, इस्त्री लागत नाही, आणखी काय पाहिजे माणसाला? एका दिवाळीच्या आधी मी नागपूरहून नायलॉनचा तागा आणला. गुलाबी, वर पांढरी फुलं. दोन दिवसांत तागा संपला. शेवटचा सव्वा मीटरचा तुकडा उरला, तो मी मास्तरांना दिला. "पोरीला फ्रॉक शिवा," म्हटलं. फुकट दिला म्हणून दिवसभर स्वतःवर खूश होतो.

पोरगी सहा वर्षांची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उंबऱ्यावरच्या पणतीवर ती वाकली. फ्रॉक पेटला, वितळला आणि तिच्या डाव्या हाताला चिकटला. सुती असता तर फाडून काढता आला असता. हा कातडीसकट निघाला. पोरगी वाचली, पण कोपर वाकलं ते वाकलेलंच राहिलं.

मास्तर महिनाभर आले नाहीत. आले तेव्हा खिशात माचिस होती. मला एका शब्दानं काही बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही. तो तुकडा माझ्या हातून गेला हे त्यांना माहीत, मला माहीत, आणि आमच्या मध्ये दिवसभर मशीन खडखडत असे. मला शरम वाटायची. अजूनही वाटते.

पुढे पोरगी मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. उन्हाळ्यातही लांब बाहीचं झंपर घालायची. मास्तरांची माचिस सुटली नाही ती नाहीच. गावात लोक हसायचे. लग्नाच्या बस्त्याला आलेले पाहुणे म्हणायचे, "मास्तर, नवरदेवाले बी पेटवून पाहाल का?" मास्तर हसायचे आणि धागा ओढायचे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्याकडच्या एका राईस मिलवाल्यांचा धाकटा मुलगा मुंबईला शिकायला गेला आणि शिकण्याऐवजी मोटारींच्या शर्यतीत शिरला. बापानं कपाळ बडवून घेतलं. मद्रासकडे मोठी शर्यत होती, आणि त्या वर्षी आग न धरणारा अंगभर सूट असल्याशिवाय गाडीत बसू देणार नव्हते. विलायती सूट मिळण्याची सोय नव्हती. मुंबईच्या एका टेलरनं लाल चकचकीत सूट शिवून दिला होता. त्याच्या फक्त बाह्या आखूड करायला पोरगं माझ्या ओट्यावर आलं. त्याच्या शाळेच्या चड्ड्या मास्तरांनीच शिवलेल्या, त्यामुळे मास्तर त्याला अरेतुरे करत.

मास्तरांनी सूट उलटा केला, शिवणीतून धागा ओढला, काडी लावली. धागा वितळला आणि थेंब शेजारच्या पाण्याच्या पितळी पेल्यावर पडला. मास्तरांनी तो नखानं खरवडून पाहिला. निघाला नाही.

"हा आगीसाठी आहे का तुले चिकटवासाठी?"

"मास्तर, असाच असते. विदेशी मासिकात फोटो आहे."

"फोटोतल्या माणसाले काडी लावून पाहिली का तू?"

पोरगं हसलं. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "मी शिवतो. आठ दिवस दे."

आता आमचे मास्तर काही शास्त्रज्ञ नव्हते. पण दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, त्या दिवसांत इकडे गावोगाव नाटकं होतात, आणि त्या नाटक मंडळ्यांचे पडदे मास्तर शिवत. पेट्रोमॅक्सशेजारी पडदा पेटू नये म्हणून ते कापड टाकणखार आणि तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवत. असल्या कापडाला आग लावली तर ते काळं पडतं, पण ज्योत धरत नाही. तीच विद्या त्यांनी सुटाला लावली. वरून जाड सुती ड्रिल, आतून कोष्ट्याच्या हातमागाचं मऊ धोतराचं कापड. शिवण सुताची. चेन पितळेची, कारण प्लास्टिकची वितळून बसली तर माणूस आत अडकेल. इलॅस्टिक नाही, नाडी. आणि सैल. "तंग कपडा आगीले आवतन देते," ते म्हणाले.

मापाची तर जत्राच झाली. पोरगं सवयीनं ताठ उभं राहिलं. मास्तर ओरडले, "गाडी उभ्यानं चालवतेस का बे? बस खाली." माझ्या दुकानातला कापडाचा गठ्ठा आडवा टाकून त्यावर त्याला बसवलं, पाय पुढे लांब करायला लावले, आणि हातात स्टिअरिंग म्हणून माझ्या घरची परात दिली. "फिरव. उजवीकडे. आता डावीकडे." पोरगं परात फिरवतंय आणि मास्तर टेप घेऊन पाठीमागे रांगतायत. बाजार गोळा झाला. कुणीतरी तोंडानं भोंगा वाजवला. माप मात्र असं झालं, की सूट अंगावर आल्यावर पोरगं म्हणालं, "मास्तर, काखेत ओढतच नाही ना!"

देताना मास्तरांनी दोनदा सांगितलं, "धुवाचा नाही. धुतला का सारं पाण्यात गेलं." पोरानं मान हलवली. घरी कुणाला सांगितलं नाही.

पोरगं निघायच्या दिवशी मी बसस्टँडवर नागपूरहून आलेलं पार्सल उतरवून घेत होतो. मास्तर सुटाच्या उरलेल्या चिंध्या घेऊन आले. कुठे फाटलं तर ठिगळ लावायला. बसच्या पायरीशी त्यांनी पोराला सूट दाखवायला सांगितला. पेटी उघडली. सूट स्वच्छ, कडक, घडी मोडली तर करकर वाजावी असा.

"हा धुतला कोणं?"

"आईनं. त्याच्यावर पांढरे डाग होते ना. म्हणे, मास्तरनं असा कसा मळका देला? मंग कांजी बी केली."

धानाच्या मुलखात हे व्हायचंच होतं. आमच्याकडे तांदळाची कांजी घातल्याशिवाय चांगला कपडा कुणी गावाबाहेर नेत नाही. आणि ते पांढरे डाग मळाचे नव्हते, टाकणखाराचे होते. माउलीनं मायेनं सारं औषध धुऊन टाकलं होतं.

मास्तरांनी धागा ओढला, काडी लावली. धागा भुर्रकन पेटला आणि बोटाला चटका बसला. मास्तरांनी पेटी बंद केली आणि उचलून चालू लागले.

"मास्तर! बस सुटते. नागपूरची रेल्वे सुटन. सरावाचा दिवस जाते माझा!"

"जाऊ दे."

"रेस हातची जाईन!"

"रेस दुसरी येते. कातडी नाही येत दुसरी."

पोरगं चिडून लाल झालं. पेटीला हात घालून ओढू लागलं. "तुमी कोण मले थांबवनारे?" मास्तरांचा चेहरा पडला. कंडक्टर घंटी मारतोय, बसमधले लोक खिडकीतून माना काढून बघतायत, आणि ही दोघं एका पेटीला झोंबतायत. मी पार्सल खाली टाकलं, पुढे झालो आणि पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मिलवाल्यांचं घर म्हणजे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पण त्या क्षणी मला गुलाबी फ्रॉक दिसत होता.

"मास्तरांच्या पोरीचा हात पाह्यला ना तू?" मी म्हटलं. पोरानं पेटी सोडली. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, की ते कापड माझं होतं. पण मास्तर शेजारी उभे होते, आणि मी ते गिळलं. बस निघून गेली.

माझ्या मागच्या अंगणात पितळी गंगाळात सूट बुडवला. आधी कांजी धुऊन काढली, मग टाकणखार, मग तुरटी. पोरगं दुपारपर्यंत तोंड फुगवून गठ्ठ्यावर बसलं होतं. नंतर आपणच उठलं आणि दोरीवरचा सूट उन्हात उलटवू लागलं. वाळल्यावर मास्तरांनी धागा काढून माचिस त्याच्याच हातात दिली. त्यानं काडी लावली. धागा काळा झाला, ज्योत धरली नाही. पोरानं दुसरा धागा काढला. मग तिसरा. "बस कर, सूट उसवशीन," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते गेलं.

पंधरा दिवसांनी परत आलं. कितवा नंबर आला, असं अख्खा बाजार विचारत होता. शेवटून दुसरा. मास्तरांनी नंबर विचारला नाही.

"गरम झालं का?"

"मास्तर, अंगावर काई आहे, याची आठवणच नाही राह्यली."

"आन् आग?"

"लागलीच नाही."

"बेस झालं," मास्तर म्हणाले आणि मशीनवर मान खाली घातली. बाजारानं ठरवलं की एवढा खटाटोप फुकट गेला. मास्तर त्या दिवशी मशीनचं चाक नुसतंच फिरवत बसले होते, सुईत दोरा नव्हता. आनंदानं काम सुचेनासं झालेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

त्यानंतर चार वर्षांनी, उन्हाळ्यात, मास्तर कावीळ होऊन गेले. ओट्यावर मशीन तसंच झाकून होतं. तेरवीनंतर त्यांची मुलगी आली. मला वाटलं, मशीन न्यायला आली असेल. तिनं झाकण काढलं, तेल घातलं आणि स्टुलावर बसली. डावा हात कोपरात वाकलेला, तरी कापड सुईखाली नीट सरकवत होता.

मी गल्ल्याजवळची माचिस घेऊन तिच्यापुढे ठेवली आणि इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. "बाई, तो फ्रॉकचा तुकडा मी देलता."

"माहीत आहे मले, काका." तिनं मान वर केली नाही. "बाबा सांगत. मी एकडाव तुमच्यावर लई चिडली होती, तवा म्हणाले, शेटजीनं कापड देलं, शिवलं तं म्या. धागा पाहाचं काम माहं होतं, म्या पाह्यला नाही."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या काड्या ते माझ्या नावानं ओढतायत.

तेवढ्यात एक बाई झंपराचं कापड घ्यायला आल्या. मी तागा उघडला. मुलीनं हात पुढे केला, काठाचा एक धागा ओढला आणि माचिस उचलली. मी तागा धरून उभा राहिलो.