नकाशात नसलेलं पाणी

आधी एक सांगून टाकते. माझी ताई भांडखोर आहे, तोंडाळ आहे, राग तिच्या नाकावर कायमचा मुक्कामाला आहे. पण ती लबाड नाही. तिला लबाड ठरवणाऱ्यांची तोंडं बंद करायची माझ्यात ताकद नाही, म्हणून निदान हे लिहायला बसले.

ताई अठ्ठावन्न वर्षांची. भावोजी गेल्यावर घरामागच्या मासेमारीची जाळी ठेवायच्या शेडमध्ये तिने तीन खोल्या काढल्या. प्रत्येक खोलीत एक पलंग, भिंतीला खुंट्या आणि दाराबाहेर नळ. वाळू आत आली की ताईचं डोकं फिरतं. पाहुण्याशी तिचा पहिला शब्द ‘पाय!’ असतो. ‘या, बसा’ त्यानंतर, तेही पाय धुतलेले दिसले तर.

पाहुणे म्हणजे पाठीवर भलं मोठं बोचकं घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारे शहरातले लोक. आधी कळवणं नाही, ठरवणं नाही. मिळेल त्या बसने यायचं, दोन दिवस पाण्यात डुंबायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. पुढच्या गावाला बसने जायचं तर फाट्यावर गाडी बदलून अर्धा दिवस मोडतो. कड्याच्या पायथ्याने, खडकांवरून चालत गेलं तर चाळीस मिनिटं. ‘मावशी, कसं जायचं?’ या प्रश्नाला ताई वैतागली आणि एके दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे जाड पेनाने नकाशा काढून तिने तो नळाशेजारी टांगला. शाळा, तुटका धक्का, कडा, काळा खडक, खडकांवरून जाणारी टिंबांची ओळ, पलीकडचं गाव. धक्क्याजवळ एक कुत्राही काढला आणि लिहिलं, ‘चावत नाही’. खाली लिहिलं, ‘चालत चाळीस मिनिटं’.

सगळं होतं त्यात, फक्त पाणी नव्हतं. भरती चढली की ती वाट पूर्ण बुडते, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

हसू नका. आमच्याकडे ‘उद्या पलीकडे जाऊ’ म्हटलं की ‘पाणी उतरल्यावर’ हे त्यात आलंच. दाताचा डॉक्टर पलीकडच्या गावात आहे. त्याच्याकडे नंबर लावतानाही आम्ही आधी भरती बघतो, मग दात. तो नकाशा मी शंभर वेळा पाहिला होता. माझ्या नवऱ्याची तर बोट आहे, त्यानेही पाहिला होता. एकाच्याही डोक्यात आलं नाही की इथे काहीतरी राहिलंय. आंघोळीला जाताना कपडे काढा, असं कोणी लिहून ठेवतं का?

शिवाय राहणाऱ्यांना ताई तोंडाने सांगायचीच. ‘आता नको, चहा घे, दोन वाजता नीघ.’ तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग एका पोराने नकाशाचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. नकाशा जगभर गेला, ताईचं तोंड घरीच राहिलं.

आठ महिन्यांपूर्वी एक निवृत्त नर्स आली. साठीची, एकटी फिरणारी. ती ताईकडे थांबलीच नाही. बसमधून उतरली आणि मोबाइलमध्ये बघत सरळ खडकांवर उतरली. ताई गच्चीवर चादरी वाळत घालत होती. तिला काळ्या खडकाजवळ केशरी बॅग हलताना दिसली आणि पाणी किती चढलंय तेही दिसलं. ती असं काही ओरडली की माझा नवरा जेवणावरून उठून धावला. ताई बोटीत चढली, मागून मी. नर्सबाई कमरेएवढ्या पाण्यात बॅग डोक्यावर धरून उभ्या होत्या. वर ओढून घेताना त्यांचा घोटा मोडला.

बोटीत बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल ताईच्या नाकासमोर धरला. ‘यात पाणी कुठंय? सांगा ना! कुठं दाखवलंय पाणी?’

ताईने मोबाइल हातात घेतला आणि टिंबांच्या ओळीवर बोट फिरवत पाणी शोधलं.

घरी येऊन तिने नकाशा फाडला. फोटोवाल्या पोराला फोन लावून त्याला असा झोडला की विचारू नका. त्याने बिचाऱ्याने लगेच तो फोटो इंटरनेटवरून काढून टाकला, पण म्हणाला, ‘मावशी, माझ्याकडचा काढला. लोकांनी कुठं कुठं पाठवलाय ते माझ्या हातात नाही.’ मग आम्ही दोघी तालुक्याच्या कचेरीत गेलो. वाटेच्या तोंडाशी एक फलक लावा, एवढीच मागणी. साहेबांनी फाइल उघडली, मिटली आणि म्हणाले, ‘ही वाट आमच्या नोंदीतच नाही. नसलेल्या वाटेला फलक कसा लावणार?’ माणसं बुडायला वाट असते, फलक लावायला नसते! मी टेबलावर हात आपटला. शिपायाने आम्हाला बाहेर काढलं.

ताईने स्वतः फळी रंगवून रोवली. पहिल्या उधाणाने ती नेली. दुसरी कोणीतरी बसायला नेली. तेव्हा तिने घरातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि वाटेच्या तोंडाशी जाऊन बसली. तेव्हापासून रोज, दिवसा पाणी चढायला लागल्यापासून उतरेपर्यंत ती तिथे असते. उन्हाने चेहरा करपलाय. खोल्या मी झाडते, चादरी मी बदलते, आणि हो, कुरकुर करत करते. ‘मर तिकडे उन्हात,’ असं मी तिला म्हणालेही आहे. डबा मात्र वेळेवर नेते.

गेल्या आठवड्यात मधल्या खोलीतल्या पाहुणीने मला मोबाइलवर एक मजकूर दाखवला. कोण्या फिरस्त्याने लिहिलेला. ‘वाटेच्या सुरुवातीला एक खडूस म्हातारी बसते. पाणी चढतंय म्हणून घाबरवते. तिच्या बहिणीच्या नवऱ्याची बोट आहे, त्यासाठी हे सगळं नाटक. लक्ष देऊ नका, नकाशावर भरवसा ठेवा. तो इथल्याच एका प्रेमळ मावशीने काढलेला आहे.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली पन्नास जणांनी आभार मानले होते. आभार! मी ते ताईला वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं.

‘प्रेमळ?’ ती म्हणाली. ‘मी?’ आणि डबा न संपवताच तिने झाकण लावलं.

परवा दुपारी मी डबा घेऊन गेले तर एक उंच तरुण तिच्याशी हुज्जत घालत होता.

‘पाणी चढतंय. चार वाजेपर्यंत उतरायचं नाही,’ ताई म्हणाली.

‘काकू, मला माहितीय सगळं,’ तो हसून म्हणाला. ‘बोट नकोय मला.’

‘बोट गेली खड्ड्यात! पाणी बघ, पाणी!’

त्याने मोबाइल बघितला आणि खडकांवर उतरला. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि त्याच्या मागे निघाली. तिचे गुडघे दुखतात. तिला पोहता येतं, पण त्या खडकांत पोहणं कोणाच्याच कामाचं नाही. मी बोंब ठोकली, तिला नाही नाही ते बोलले. ती मागे न बघता ओरडली, ‘नवऱ्याला फोन कर!’ मी केला. तो बोट घेऊन पलीकडच्या गावात होता.

वळणावर पहिली मोठी लाट आली आणि त्या तरुणाचे पाय सुटले. त्याने खडकाला मिठी मारली. त्याच्या कमरेएवढं पाणी ताईच्या छातीशी होतं. तिने त्याच्या बॅगेचा पट्टा धरला, मग हात धरला आणि एकेक खडक चाचपत त्याला मागे आणायला लागली. मी शेवटच्या कोरड्या खडकावर उभी राहून दोघांनाही शिव्या घालत होते, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं.

जवळ आल्यावर त्याचा आवाज मला ऐकू आला. तो रडत होता. ‘तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही कशाला उतरलात?’

‘तो नकाशा मी काढलाय,’ ताई म्हणाली. ‘हात सोडू नकोस.’