लाल का पांढरी?

आमच्या बापूमामाकडे इस्लामपूरला पाहुणा गेला की चहाच्या आधी प्रश्न येतो, "लाल का पांढरी?" पाहुण्याला वाटतं, साडीबिडीचा विषय असावा. विषय अंगणातल्या दोन गाड्यांचा असतो. लाल इटालियन, वीसेक वर्षांपूर्वीची. पांढरी जर्मन, तिच्या मानाने परवाची. दिसायला दोन्ही बाजारहाटाच्या छोट्या गाड्या, पण पळायला लागल्या की भल्याभल्यांना मागे टाकतात. शौकीन लोक अशा गाड्या शोधत आता गावोगाव हिंडतात. "पांढरी" म्हणणाऱ्याला मामा चहा देतो, बिस्किटं विसरतो. मला ती कधीच मिळाली नाहीत.

मामाने फौजेत जन्मभर ट्रक चालवले, त्यामुळे त्याचं मत ठाम. "लाल भांडती रं. आपलं काय चुकलं ते तोंडावर सांगती. पांढरी लय शानी. आपली चूक गुपचूप निस्तरती, आन् आपल्याला वाटतं आपुनच भारी!"

मग मामाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पांढरीचे गिअर आपोआप पडतात, लालला मात्र क्लच दाबावा लागतो. पाटणच्या रस्त्याला मामाचा पाय क्लचवरून सटकला आणि गाडी उसळून एका म्हशीच्या पुढ्यात थांबली. म्हशीला काही झालं नाही, मामाने मात्र घरी येऊन चावी खुंटीला टांगली. मामी घाबरून गेली होती. शेवटी तोच म्हणाला, "लाल द्यायची. पण घर बघून."

मुलीसाठी स्थळ पाहावं तशी गिऱ्हाइकं पाहिली. पुण्याचा एकजण म्हणाला, काचेच्या दालनात ठेवीन. "लोणचं हाय का बरणीत घालाया?" म्हणून मामाने त्याला वाटेला लावलं. दुसऱ्याने चावी फिरवताच थंड इंजिन रेस देऊन बोंबलायला लावलं, त्याला तर चहाही मिळाला नाही.

मग मेढ्याहून तबस्सुम आली, जनावरांची डॉक्टर. तिने गाडी सुरू केली आणि नुसतीच ऐकत बसली.

"का थांबलीस पोरी?"

"अजून थंड हाय, काका. उठल्या उठल्या कुणी पळतंय व्हय?"

मामाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला शोधून आणली. तरी चावी देताना बजावलंच, "म्होरच्या चढाला तिला रडवलंस तर हितनंच माघारी बोलवीन."

लाल फाटकाबाहेर पडली. मामा डोळे मिटून कान देऊन उभा राहिला. मामी म्हणाली, "आवं, बसा तरी." तो हलला नाही. चढावर आवाज वर वर जाऊ लागला. आता कण्हणार, आता कण्हणार, असं वाटून मीही फाटकापाशी गेलो. तेवढ्यात आवाज अलगद उतरला आणि पुन्हा भरात आला.

"टाकला!" मामा म्हणाला. "बरूबर जागंवर गिअर टाकला पोरीनं."

तो पायरीवर टेकला. मला वाटलं, रडेल. पण इतका मोकळा चेहरा मी त्याचा ऑपरेशननंतर पाहिला नव्हता.

"सुटलो रं गड्या. माझ्याच पायानं तिचं बरंवाईट हुतंय का काय, ह्येचीच धास्ती हुती."

मामीने पदर डोळ्यांना लावला. सकाळपासून घरात कुणी अन्नाला शिवलं नव्हतं.

"वाढ गं," मामा म्हणाला, "लय भूक लागलीया."