एका पॉइंटची झोप

आता तोंड उघडावं का नाय, हेच कळंना. पण तुम्ही चहा पाजलाय, तर ऐका माझी माती कशी झाली ते.

आमच्या मुकुंदवाडीत नळाला रोज पाणी येत नाय. येतं तेव्हा पहाटं येतं, अन् उठून ड्रम भरायचं काम माझं. मी काय केलं? उठायचंच बंद केलं. मम्मीनं हलवलं, पप्पानं तोंडावर तांब्या ओतला, मी आपला लाकडागत पडून. सकाळी भोळं तोंड करून म्हणायचं, "मला काहीच आठवत नाय. आजार असंल झोपेचा." दिवसभर कंपनीत उभं राहून आलेले पप्पा, तेच मग दुखऱ्या कमरेनं ड्रम भरायचे. मला वाटलं, जमलं.

कुठलं जमलं? मम्मी लई घाबरली. थेट दवाखान्यात झोपेची टेस्ट! तीबी कबड्डीच्या सेमीफायनलच्या आदल्या रात्री.

डोक्याला वायरी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, वर कॅमेरा. अशात कुत्रं तरी झोपंल का? त्यात मशीन खोटं पकडंल ही धास्ती. रात्रभर डोळे मिटून खोटंच घोरत राहिलो. सकाळी डॉक्टर पप्पाला बाजूला घेऊन कायतरी बोलले. पप्पानं मला एक शब्द विचारला नाय. गाडीवर बसवलं, मैदानावर सोडलं अन् स्वतःबी मॅच बघायला बसले. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

आता स्पर्धेचे नियम. मंडळवाल्यांनी असले काढले होते की पंचालाबी खिशातला कागद बघावा लागायचा. बरोबरी झाली तर टॉस जिंकणारा फायनलला. टॉस आम्ही जिंकला होता, ध्यानात ठेवा. बाद झाला की बाहेर बसायचं. आपल्यानं समोरचा गडी मारला की बाहेरच्यानं पटकन आत यायचं. उशीर केला तर समोरच्यांना एक पॉइंट. गडी आजारी असंल तरच माफ.

शेवटची मिनिटं, आम्ही एका पॉइंटनं मागं. मी बाद होऊन बाहेर बसलो. ऊन मस्त कोवळं होतं. बास, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा आमचा कॅप्टन सलीम कॉलर धरून मला हलवत होता. त्यानं गडी मारून बरोबरी केली होती, पंच मला आत बोलवत होते, अन् मी घोरत होतो. या बारीला खरंखुरं. पंचानं समोरच्यांना पॉइंट द्यायला हात उचलला.

सलीम आडवा गेला. "सर, बीमार है ये. झोपेची बीमारी. रातकोच टेस्ट हुई."

"कोण म्हणतं?"

"वो क्या, उसके पप्पा बैठेले. पूछो."

सगळं मैदान पप्पाकडं वळलं. मी लांबूनच हात जोडले. त्यांच्या एका 'व्हय'वर आमची फायनल होती.

पप्पा उठले. कमरेवर हात ठेवून, हळूच.

"पोरगं ठणठणीत हाय, साहेब. डॉक्टरच म्हणले, रात्रभर नाटक करत होतं. द्या पॉइंट त्यांना."

उरलेल्या दोन-चार सेकंदांत काय होणार? गेली फायनल. सलीमनं तिथल्या तिथं टीमचा नवा नियम काढला: पाण्याच्या दिवशी सगळ्या गड्यांच्या घरचे ड्रम मी भरायचे. आख्ख्या स्पर्धेत मला पहिल्या झटक्यात समजलेला हा एकच नियम.

परवा पहाटं पाणी आलं. एकट्यानं ड्रम सरकंना, म्हणून पप्पाला हलवलं, पुन्हा हलवलं. ते लाकडागत पडून. शेवटी एक डोळा उघडला.

"आजार असंल झोपेचा," म्हणले, अन् कूस बदलली.